वेंगुर्ला रॉक्सला टर्न बघायला जायचंय? आधी समुद्राचं वेळापत्रक बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरातली सहा जणांची मंडळी, त्यात अकरा आणि आठ वर्षांची दोन मुलं, मेच्या सुट्टीत वेंगुर्ला रॉक्सला जाऊन टर्न, म्हणजे सुरय या समुद्रपक्ष्यांची वसाहत बघायची म्हणतात. बेटावर उतरून घरटी जवळून बघता येतील का, बोट वेंगुर्ल्यातून घ्यावी की मालवणातून, पहाटे कोल्हापूर सोडून रात्री परत येणं जमेल का, आणि सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्यानं घ्यावी का, असं त्यांनी विचारलंय.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. उतरू नका. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला "चला, लावतो खडकाला, सगळेच उतरतात", तरी उतरू नका. पक्ष्यांसाठी तर नकोच, पण तुमच्या स्वतःसाठीही नको. आणि खरं सांगायचं तर उतरून जे दिसतं त्यापेक्षा बोटीतून जास्त दिसतं. का, ते पुढे येईलच.

जागा कशी आहे ते डोळ्यांसमोर असू द्या. वेंगुर्ला रॉक्स म्हणजे एक बेट नव्हे. वेंगुर्ल्याच्या पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवर समुद्रात पसरलेला लहानमोठ्या खडकाळ बेटांचा तो पुंजका आहे. काही खडक भरतीला जेमतेम डोकं वर काढतात, काहींवर पावसाळ्यात गवत उगवतं, एकावर दीपगृह आहे. इंग्रजी नकाशांवर 'बर्न्ट आयलंड्स' असंही नाव सापडेल. देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत या खडकांचा समावेश आहे, आणि तो दोन कारणांनी: एक टर्न, म्हणजे आपले सुरय, आणि दुसरं तिथल्या गुहांमधल्या पाकोळ्या. प्यायचं पाणी नाही, सावली नाही, नीट धक्का नाही. दीपगृह केंद्राच्या दीपस्तंभ खात्याच्या ताब्यात आहे, तिथे पाय ठेवायचा तर त्यांची परवानगी लागते. "ओळख आहे" ही परवानगी नव्हे.

आता मुख्य अडचण. टर्नची वीण आणि आपली सुट्टी यांचं जमत नाही. मोठे तुरेवाले सुरय, म्हणजे ग्रेटर क्रेस्टेड टर्न, मेच्या सुमारास खडकांवर जमायला लागतात. ब्रायडल्ड टर्नचा मुख्य हंगाम तर ऐन पावसाळ्यात असतो. आणि नेमकं तेव्हाच कोकणातला समुद्र बंद होतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. त्या काळात कुणी "चोरून नेतो" म्हणाला तर त्याला नमस्कार करून परत फिरा. जूनमधला समुद्र नियमाच्या कागदापेक्षा कडक असतो.

ही अडचण आजची नाही. ह्यूम, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव येतं तेच ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, मोठे पक्षीतज्ज्ञही होते. १८७५ च्या सुरुवातीला लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत ते या खडकांवर आले. हंगाम कधीच उलटून गेला होता. त्यांच्या हाती लागली ती टरफलं आणि उन्हात वाळून गेलेले पक्षी. वसाहत इथे होते एवढं त्यावरून कळलं, पण जिवंत वसाहत बघायला मिळाली नाही. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायूं अब्दुलअली यांनी इथल्या टर्न आणि पाकोळ्यांवर सोसायटीच्या जर्नलमध्ये १९४२ साली लेख लिहिला. आजही या जागेबद्दल बोलताना तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण हंगामात तिथे पोचणारी माणसं तेव्हाही मोजकी होती आणि आताही मोजकीच आहेत.

मग तुमच्या हातात उरतं काय? साधारण एप्रिलचा शेवट ते मेचा दुसरा आठवडा. पक्षी यायला लागलेले असतात आणि समुद्र सकाळपुरता तरी माणसात असतो. मेच्या पंधरा तारखेनंतर मी कुणाला मुलं घेऊन जा म्हणत नाही. वारा नसतानाही नैर्ऋत्येकडून लांब, संथ फुगाऱ्याच्या लाटा यायला लागतात. त्या दूर कुठेतरी झालेल्या वादळाच्या असतात. किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्र तेलासारखा गुळगुळीत दिसतो, आणि खडकापाशी तीच लाट दोन पुरुष उंच फुटते. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राचे अंदाज देणारं केंद्र सरकारचं केंद्र, लाटांची उंची आणि अशा दुरून येणाऱ्या फुगाऱ्याचा अंदाज रोज देतं, हवामान खातं मच्छीमारांसाठी इशारे देतं. दोन्ही आदल्या संध्याकाळी बघा. फुगारा दीड मीटरच्या वर दाखवत असेल तर लहान बोटीनं जायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम. मग आकाश कितीही निळं असो.

तारीख ठरवताना पंचांगही बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, आपल्या या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या पुढे जातो आणि खडकांमधल्या चिंचोळ्या फटींतून पाणी ओढ घेतं. अष्टमीच्या मागेपुढे भांग असतं, पाणी कमी हलतं. शनिवार-रविवार गाठायचा म्हणून उधाणाचा दिवस घेऊ नका. एक दिवस रजा टाका.

बोट निवतीतून घ्या, म्हणजे वेंगुर्ला आणि मालवण यांच्या मधल्या किनाऱ्यावरच्या गावातून. वेंगुर्ला आणि मालवण दोन्ही ठिकाणी बोटी भरपूर, हॉटेलं भरपूर, म्हणून लोक तिकडे जातात. पण नकाशा उघडा. निवतीपासून खडक सगळ्यांत जवळ, वेंगुर्ल्यापासूनच्या अंतराच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय वाऱ्याचं गणित आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो जाताना पाठीशी असतो. दहा-अकरानंतर खारा वारा उठतो, आणि उन्हाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो. मालवण खडकांच्या सरळ उत्तरेला आहे, म्हणजे परतताना वारा आणि लाट दोन्ही तोंडावर. तासभर बादलीबादलीनं पाणी अंगावर. निवतीला परतताना लाट आडवी लागते, ती हलवते पण अंतर लवकर संपतं. म्हणून उजाडायच्या सुमारास निघायचं, साडेदहाला परतीला लागायचं. तांडेलाला "अजून अर्धा तास थांबू" असा आग्रह करायचा नाही. त्याला समुद्राच्या रंगावरून जे कळतं ते आपल्याला मोबाईलवरच्या ॲपवरून कळत नाही.

लवकर निघण्यात आणखी एक फायदा आहे, आणि फोटोवाल्यांनी तो लक्षात ठेवावा. खडक किनाऱ्याच्या पश्चिमेला आहेत. सकाळी आपण पूर्वेकडून जवळ जातो, सूर्य पाठीमागे, सगळा उजेड खडकाच्या आपल्याकडच्या अंगावर आणि पक्ष्यांच्या पंखांवर. दुपारनंतर तिकडेच बघायचं तर नुसत्या काळ्या आकृत्या.

बोट कुठली, हा प्रश्न विचारताना लोक इंजिनाबद्दल विचारतात. इंजिन बघाच, पण त्याआधी तांडेल कोण ते विचारा. मालकाशी बोलून पैसे ठरतात, जीव तांडेलाच्या हातात असतो. तो या खडकांपाशी मासेमारीला गेलेला असला पाहिजे; पाण्याखालचे खडक कुठे आहेत ते ठाऊक असलेला माणूस हवा. प्रवासी नेण्याचा परवाना आणि विमा असलेलीच बोट घ्या. मासेमारीची बोट कितीही दणकट असली तरी तिला माणसं फिरवायची परवानगी नसते, आणि काही झालं तर विमा कंपनी पहिलं तेच विचारेल. प्रत्येकाला लाईफ जॅकेट, मुलांना मुलांच्या मापाचं. मोठ्याचं जॅकेट घातलेलं मूल पाण्यात पडलं तर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. लहान मापाची जॅकेटं बोटीवर असतीलच असं धरू नका. कोल्हापुरातून निघतानाच फोन करून खात्री करा, नसतील तर विकत घेऊन न्या.

आणि पूर्ण बोट ठरवा, माणशी नको. माणशी दरात तांडेलाला घाई होते, वाटेत डॉल्फिन दाखवायचे, बीचवर सोडायचं, पुढची फेरी धरायची. पूर्ण बोट तुमची असली की इंजिन मंद करून नुसतं तरंगत राहायला सांगता येतं, आणि पक्षी बघण्यातलं निम्मं काम तेच आहे.

आता पक्ष्यांकडे येऊ. निवतीतून बाहेर पडल्यापासून डोळे उघडे ठेवा, खडक येईपर्यंत गप्पा मारत बसू नका. किनाऱ्याजवळ कुबडवाले डॉल्फिन दिसण्याची शक्यता चांगली असते. थोडं आत गेलं की पाण्याला लागून उडणारं चिमणीपेक्षा थोडं मोठं, काळपट, कंबरेला पांढरा पट्टा असलेलं काही दिसलं, आणि ते पाय खाली सोडून पाण्यावर चालल्यासारखं करत असेल, तर ते विल्सन्स स्टॉर्म-पेट्रेल. अंटार्क्टिकाकडच्या बेटांवर वीण करून इकडे येणारा पक्षी आहे हा. एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्यापासून दूर तो मिळतो. तांबूस-काळा, दणकट पक्षी सुरयाच्या मागे लागून त्याच्या चोचीतला मासा सोडवत असेल तर तो जेगर. हे दोन्ही दिसतीलच असं नाही. पण लोक पुढच्या खडकाकडे डोळे लावून बसतात आणि हे शेजारून निघून जातात.

खडकाच्या जवळ आलं की आधी ऐकू येतं. मोठ्या तुरेवाल्यांचा कर्कश 'किर्रिक, किर्रिक' असा आवाज इंजिनाच्या वर येतो. हा पक्षी चांगला मोठा, चोच पिवळी, किंचित हिरवट झाक असलेली, डोक्यावर काळी टोपी आणि मागे विस्कटलेला तुरा. चोचीच्या मुळाशी कपाळावर पांढरी पट्टी असते, ती नीट बघून ठेवा. चोच नारिंगी आणि पक्षी थोडा लहान असेल तर लेसर क्रेस्टेड. चोच काळी आणि टोकाला पिवळा ठिपका असेल तर सँडविच टर्न. तो हिवाळी पाहुणा, मेपर्यंत बहुतेक निघून गेलेला असतो. लांब शेपटीचा, अगदी पांढरा, छातीवर गुलाबीची पुसट छटा असलेला दिसला तर तो रोझिएट. या खडकांवर त्याच्या विणीच्या नोंदी आहेत, आणि तुम्हाला दिसला तर चार-पाच फोटो कसेही काढून ठेवा, हलले तरी चालतील.

ब्रायडल्ड टर्न वेगळाच. पाठ राखाडी-तपकिरी, पोट पांढरं, काळी टोपी, कपाळावरची पांढरी रेघ डोळ्याच्या मागे भुवईसारखी निघून जाते. याच्यासारखाच दिसणारा सूटी टर्न असतो, पण त्याची पाठ जवळजवळ काळी आणि ती पांढरी रेघ डोळ्यापाशीच थांबते. खडकाभोवती ब्रायडल्ड दिसले की ते कुठे बसतात ते बघा: कपारीच्या तोंडाशी, दगडाच्या छपराखाली. मोठे तुरेवाले उघड्या सपाटीवर, एकमेकांना चोच लागेल इतक्या दाटीनं घरटी करतात. घरटी कसली, नुसती खडकावरची किंवा मातीतली जागा. दोघंही बहुधा एकच अंडं घालतात. तुरेवाल्यांच्या अंड्यांवरची नक्षी इतकी वेगवेगळी असते की त्या दाटीत आईबाप आपलं अंडं ओळखतात. ब्रायडल्डला ती गरज कमी, त्याची कपार ठरलेली असते.

मेच्या सुरुवातीला गेलात तर अंड्यांपेक्षा मजेशीर गोष्ट बघायला मिळू शकते, ती म्हणजे प्रियाराधन. नर मासा पकडून आणतो, पण खात नाही. चोचीत आडवा धरून, पंख जरा खाली सोडून, मान ताठ करून मादीसमोर मिरवतो. मादीनं घेतला तर जमलं. दोघं उंच चढून एकमेकांभोवती घिरट्या घालत खाली उतरतात. हे सगळं बोटीतून दिसतं, कारण ते हवेत आणि खडकाच्या कडेला चालतं. खडकावर उतरलेल्या माणसाला फक्त डोक्यावर ओरडणारे घाबरलेले पक्षी दिसतात. मघाशी बोटीतून जास्त दिसतं म्हणालो ते यासाठी.

एक खूण नोंदून ठेवा. मासा चोचीत धरून खडकाकडे जाणारा पक्षी हंगामाच्या सुरुवातीला दिसला तर तो जोडीदारासाठी. पुढे जूनपासून दिसला तर पिल्लासाठी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना नुसता आकडा टाकू नका, असं वागणं दिसलं तर तेही लिहा. या जागेच्या नोंदी इतक्या कमी आहेत की तुमच्या एका सकाळच्या नीट टिपणालाही किंमत आहे.

उतरण्याबद्दल आता सविस्तर. मेच्या उन्हात तो खडक दहा वाजताच तव्यासारखा तापतो. बसलेला पक्षी अंडं उबवतो असं आपण म्हणतो, पण अशा जागी तो दिवसा खरं तर अंड्याला सावली देत असतो. माणूस आला की सगळे एकदम उठतात, आणि दहा-पंधरा मिनिटं अंडी उघडी पडली तर आतला जीव भाजून मरतो. बाहेरून अंडं तसंच दिसतं, त्यामुळे माणसाला वाटतं काहीच बिघडलं नाही. पिल्लं असतील तर ती पळतात, दुसऱ्याच्या हद्दीत शिरून टोचा खातात, कडेवरून खाली पडतात. वर समुद्री गरुड फिरत असतोच. एवढं सगळं व्हायला कुणी अंडी चोरावी लागत नाहीत, चार चांगली माणसं सेल्फीसाठी पाच मिनिटं उतरली तरी पुरतं.

बोटही किती जवळ न्यायची हे पक्षीच सांगतात. शंभर मीटरवर तांडेलाला इंजिन मंद करायला सांगा, खडकाला वळसा घाला, सरळ खडकाच्या रोखानं जाऊ नका. पक्षी बसल्या जागी मान उंचावून बघत असतील तर थांबा. कधी कधी वसाहत एकदम गप्प होते आणि सगळे पक्षी एका झटक्यात खाली झेप घेऊन समुद्राकडे निघतात, मग थोड्या वेळानं गोंगाट करत परत येतात. हे बोटीशिवायही अधूनमधून घडतं. पण तुम्ही तिथे असताना ते पुन्हा पुन्हा होत असेल तर तुम्ही जास्त जवळ आलात, मागे सरका. ड्रोन बॅगेतच ठेवा. शक्य तर घरीच ठेवा, नाहीतर तिथे गेल्यावर हात शिवशिवतात.

पाकोळ्यांच्या गुहांची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक. भारतीय पाकोळी लाळेनं अर्ध्या वाटीसारखं घरटं गुहेच्या भिंतीला चिकटवते, त्यात पिसं-शेवाळ मिसळते, आणि गुहेतल्या अंधारात टिकटिक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. परदेशात पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप करतात, त्याला भयंकर पैसा मिळतो. त्या पैशापायी इथल्या घरट्यांची चोरी होत होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं या शतकाच्या सुरुवातीला ती उजेडात आणली आणि इथे संरक्षणाचं काम केलं. त्यामुळे गुहेच्या तोंडाशी बोट लावून "आत बघू या" म्हणणाऱ्या अनोळखी टोळक्याकडे संशयानं बघितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पाकोळ्या बघायच्या तर बाहेरच्या पाण्यावर, खडकाच्या कडेनं येताजाताना बघा. संख्येनं भरपूर असतात, वेगही असा की फोटो येणार नाही. नुसतं बघा.

कोल्हापूरहून एका दिवसात? नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरा किंवा राधानगरीहून फोंडा घाट, पुढे कणकवली, कुडाळ, परुळे करत निवती. चार-साडेचार ते पाच तास धरा. उजाडताना बोटीत बसायचं तर मध्यरात्री निघावं लागेल, आणि रात्रभर घाट उतरून न झोपलेला माणूस बोटीत पंधरा मिनिटांत आडवा होतो. आदल्या दिवशी दुपारी निघा, परुळे, भोगवे किंवा निवतीत घरगुती राहण्याची सोय होते, तिथे लवकर झोपा. वाटेत दाजीपूरचे गवे, राधानगरीचं धरण, मालवणचा किल्ला, असं सगळं एकाच दौऱ्यात कोंबू नका. कोल्हापूरकरांची ही खास सवय आहे.

समुद्र लागण्याबद्दल जरा स्पष्ट बोलतो. आदल्या रात्री मालवणी थाळी समोर आली की हात आवरत नाही, मान्य. पण त्या रात्री सोलकढी-भातावर भागवा. सकाळी उपाशी पोटीही जाऊ नका, आणि तिखट, तेलकटही नको. दोन बिस्किटं, केळं, किंवा घरून नेलेलं कमी तिखटाचं भडंग. कोरडं काहीतरी पोटात असलं की बरं वाटतं. उलटीवरची गोळी घ्यायची तर बोटीत बसायच्या तासभर आधी, आणि मुलांची मात्रा डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पाण्यातच जाते. बोटीच्या मध्ये किंवा मागच्या बाजूला बसा, नजर क्षितिजावर ठेवा, डिझेलच्या धुरापासून लांब. दुर्बिणीतून सतत बघत राहिल्यानं सगळ्यांत जास्त लागतं. पाच मिनिटं दुर्बीण, पाच मिनिटं मोकळी नजर, असं करा.

यावरून लेन्सचा प्रश्न. सहाशे नको. हलत्या बोटीत सहाशेच्या चौकटीत पक्षी सापडेपर्यंत तो निवतीला पोचलेला असतो. शंभर-चारशेची झूम पुरे, आणि शटरचा वेग १/२००० सेकंदापेक्षा कमी होऊ देऊ नका. पक्षी पांढरे, पाणी चमकतं, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली ठेवा, नाहीतर पंखांवरचा तपशील उडून जातो. ट्रायपॉड नेऊ नका, बोटीची थरथर तोच कॅमेऱ्यात नेतो. खारं पाणी लेन्सवर उडालं तर सुक्या कापडानं घासू नका, मिठाचे कण काच ओरबाडतात; गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं कापड हातात ठेवा. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची. दहाची आणि बाराची जमिनीवर छान, बोटीत निरुपयोगी.

तयारी मात्र कोल्हापुरात बसून करता येते. नदी सुरय रंकाळ्यावर, पंचगंगेवर, राधानगरीच्या पाण्यावर दिसतो. हिवाळ्यात व्हिस्कर्ड टर्न तलावांवर येतात. चोचीचा रंग, टोपीचा आकार, शेपटीची लांबी, उडण्याची ढब, एवढ्या चार गोष्टी आधी त्यांच्यावर नीट बघून सरावा. मुलांना घेऊन रंकाळ्यावर दोन-तीन सकाळी बसलात तरी समुद्रावर गेल्यावर ती तुमच्या आधी ओळखतील.

मुलांचंच आता. अकरा वर्षांच्याला न्या, फक्त आधी एकदा मालवणच्या किल्ल्याच्या होडीसारख्या लहान फेरीत समुद्र लागतो का ते बघून. आठ वर्षांच्याला या वेळी ठेवा. मूल घाबरट आहे का धीट, याचा इथे संबंध नाही. पाच तास उन्हात, सावलीशिवाय, शौचालयाशिवाय बोटीत बसायचंय, आणि एकदा निघाल्यावर त्याच्यासाठी परत फिरणं सोपं नसतं. घरातलं कुणीतरी एक मोठं माणूस त्याच्याबरोबर किनाऱ्यावर थांबलं तर त्यांचाही दिवस वाया जात नाही: निवतीच्या किल्ल्यावरून समुद्र छान दिसतो, आणि स्पॉटिंग स्कोप असेल तर सकाळच्या उजेडात मासेमारीला आलेले सुरय तिथूनही बघता येतात.

पैसे ठरवताना एक गोष्ट फोनवरच पक्की करून घ्या: पहाटे तांडेल "आज नाही" म्हणाला तर आगाऊ रक्कम परत मिळणार की तारीख बदलून मिळणार. हे आधी ठरलेलं नसेल तर पहाटे किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना मोह होतो, त्याला पैसे परत द्यायचे नसतात आणि तुम्हाला एवढा घाट उतरून आल्याचं वाईट वाटत असतं. तारीख बदलून घ्यायची झाली तर लगेच पुढचा आठवडा मागू नका, तो उधाणाचा असण्याची शक्यता बरीच. सप्टेंबरात होड्या पुन्हा सुरू झाल्यावर, पाऊस ओसरून समुद्र निवळलेला एखादा भांगाचा दिवस घ्या. तुरेवाल्यांची गर्दी तोवर पांगलेली असेल, पण उशिरा वाढलेली ब्रायडल्डची पिल्लं कधीकधी खडकाभोवती अजून आईबापांच्या मागे उडताना सापडतात.